मोहोर विकून घेतलेली अधेली

माझ्या लग्नात वडिलांनी मला सोन्याची एक मोहोर दिली होती. ती मी आयुष्यात एकदाही गळ्यात घातली नाही, आणि ह्याचा राग मी बरीच वर्षं चांगला जपून ठेवला होता. राग ठेवायला कपाट लागत नाही, एवढं एक बरं असतं.

वडील मुंबईला टांकसाळीत कामाला होते. नोकरी संपताना मर्जी असलेल्या एका साहेबानं त्यांना ती मोहोर विकत घेऊ दिली, आणि त्यांनी ती माझ्यासाठी बाजूला ठेवली. मी लग्न होऊन भिसेगावात आले तेव्हा सासूबाईंना ती बघून फार आनंद झाला. त्या मूळच्या कडावच्या, शेतकऱ्याघरच्या. सोनं म्हणजे अंगावर घालायची वस्तू, इतकं साधं त्यांचं गणित होतं. त्यांनी तिसऱ्याच दिवशी सोनाराला घरी बोलावलं. मोहरेला कडी लावून ती माझ्या माळेत ओवायची ठरली. सोनारानं शेगडी पेटवली, फुंकणी तोंडाला लावली, आणि नेमके तेवढ्यात हे ड्युटीवरून घरी आले.

"हात लावू नका! सोडा ती! कडंला धरा, कडंला!" हे ओरडले. नवीन सून मी, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मी दाराआड गेले. बघते तर ह्यांनी मोहोर रुमालात घेतली होती आणि उजेडाकडे धरून तिच्याकडे असे पाहत होते, की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर माझ्याकडेही पाहिलं नव्हतं.

"आई, ही परूफ हाय," हे म्हणाले.

"परूफ म्हंजे काय रं?"

"टांकसाळीत नमुन्याला म्हनून येगळं नानं काढतात. साचा आरशासारखा घासायचा, नानं दोनदा ठोकायचं, नि कापडात धरून उचलायचं. त्याला बाजारात जायचंच नसतं."

"मंग ते नानं कसलं?" सासूबाई म्हणाल्या. "बाजारात जात नाय ते नानं नि सासरी जात नाय ती पोर, दोनी घरात ठेवून करायचं काय?"

मला सासूबाईंचं म्हणणं तंतोतंत पटलं. पण सोनार शेगडी विझवून निघून गेला आणि माझी मोहोर ह्यांच्या पेटीत गेली.

ह्यांच्या त्या पेटीबद्दल सांगायला हवं. आत निळी मखमल, आणि मखमलीत चार खळगे. रुपयाचा, अधेलीचा, पावलीचा, चवलीचा. सगळी राणीच्या काळातली चांदीची नाणी, आणि सगळी अशीच टांकसाळीत नमुन्याला काढलेली. माथेरानच्या एका बंगल्याचं जुनं सामान विकायला निघालं होतं, त्यात ह्यांना ती पेटी मिळाली. तीन नाणी होती, अधेली नव्हती. आठ आण्यांचं नाणं! पण त्या एका अधेलीनं आमच्या संसारात जेवढी जागा अडवली तेवढी आमच्या दोन म्हशींनीसुद्धा अडवली नाही. माणसं आपल्यापाशी असलेल्या नाण्यांकडे बघतात. हे पेटी उघडून त्या रिकाम्या खळग्याकडे बघत बसायचे. मी म्हणायची, "अहो, नुसतं बघून अधेली उगवते होय?" हे हसायचे आणि पेटी मिटायचे. ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीशी भांडण्यासारखं होतं, भिंत निदान मधूनमधून पोपडे तरी टाकते.

हे कर्जत स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर होते. खिडकीच्या आत काळ्या दगडाची एक लादी बसवलेली होती. येईल तो रुपया हे त्या लादीवर वाजवून घेत. लढाईचे दिवस होते, खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला होता, आणि बद्द वाजणारा रुपया घेतला तर तो क्लार्कच्या गळ्यात. त्यात सरकारनं नव्या रुपयातली चांदी कमी केली, तेव्हा खऱ्याचाच आवाज खोट्यासारखा यायला लागला. पण ह्यांचा कान असा तयार, की तिकिटावर शिक्का मारता मारता, मान वर न करता, आवाजावरून सांगत, "हा नको, दुसरा द्या." ठाकरवाडीवरनं लाकूड विकायला येणारी माणसं गिऱ्हाइकानं दिलेले पैसे आधी ह्यांच्याकडून वाजवून घ्यायची. एखाद्याचा खोटा निघाला तर ह्यांनाच अपराध्यासारखं व्हायचं.

पुढे पुढे ती हाताची सवयच झाली. घरी दूधवाल्यानं मोड परत दिली की उंबऱ्यावर वाजव, वाण्याकडे गेले की तराजूच्या फळीवर वाजव. एकदा मुंजीत भटजींनी ओवाळणीतला रुपया पुढे केला, तो ह्यांनी पाटावर वाजवला. सगळा मांडव हसला. ह्यांना कळलंसुद्धा नाही आपण काय केलं ते. पेटीतल्या नाण्यांना मात्र ह्यांनी कधी श्वाससुद्धा लागू दिला नाही. ती बघताना तोंडावर पंचा धरायचे.

ती हवी असलेली अधेली कुठे आहे हे ह्यांना ठाऊक होतं. खोपोलीला एक म्हातारा साहेब राहायचा, पूर्वी घाटातल्या रेल्वेच्या कामावर इंजिनियर होता. त्याला नाण्यांचा नाद. गाडी बदलायला तो कर्जतला उतरायचा, तेव्हा खिडकीशी दोघांची ओळख झाली. ह्यांनी एकदा बंगल्यावर जाऊन ती अधेली डोळ्यांनी पाहिली होती. त्याच सालची, तशीच. दर दिवाळीला हे साहेबाकडे जायचे आणि विकणार का म्हणून विचारायचे. साहेब दरवेळी चहा पाजायचा आणि नाही म्हणायचा. अशी बारा वर्षं गेली.

स्वातंत्र्य आलं आणि साहेब लोकांनी गाशा गुंडाळायला सुरुवात केली. आमचाही साहेब निघाला. दिवाळीनंतर त्याच्या बंगल्यातल्या सगळ्या सामानाचा लिलाव व्हायचा होता. टेबलं, खुर्च्या, ग्रामोफोन, बंदुकीचं कपाट, आणि नाणी.

ते कळल्यापासून तीन दिवस हे सारखे पेटी उघडून बसत. चौथ्या दिवशी मी भाकरी थापत होते तेव्हा येऊन चुलीपाशी बसले.

"एक इचारू?"

"मोहोर ना?" मी म्हटलं. न कळायला मी काही कालची आलेली नव्हते.

"तुज्या वडलांनी तुला दिल्याली हाय ती. तू नाय म्हन. मी पुन्यांदा इचारनार नाय."

माझ्या तोंडात आलं होतं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सोनं विकून आठ आणे घरी आणणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात शोधून सापडला नसता. पण ह्यांच्याकडे पाहिलं आणि थापलेली भाकरी तव्यावर टाकली. बारा वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. ताटात मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत. मला ह्यांची दया आली. नुसती दया नाही, माया आली, आणि त्याचाही मला राग आला.

"न्या," मी म्हटलं. "पण लिलावाला मी येणार. माझी मोहोर कोण नेतो ते मला बघायचंय."

लिलाव करणारा मुंबईचा होता. त्याला आधी भेटून ह्यांनी मोहोरही त्याच लिलावात घालायची सोय केली होती. आम्ही सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं खोपोलीला गेलो. बंगल्याच्या आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. खालापूर, साजगावकडची माणसं घमेली आणि कंदील घ्यायला आली होती. नाण्यांसाठी मुंबईहून आलेले चार-पाच शेट पुढे बसले होते. बायकांत मी एकटी. मी पदर खोचून ह्यांच्या शेजारी बसले.

मोहोर आधी निघाली. लिलाववाल्यानं ती दाखवली तेव्हा उन्हात तिचा असा झोत पडला, की मला वडिलांचा हात आठवला. मागची खालापूरची माणसंसुद्धा कंदील विसरून बघायला लागली. एका जाड्या शेटनं ती घेतली. किंमत चांगली आली, ह्यांचा चेहरा उजळला, आणि मी दुसरीकडे पाहत राहिले.

मग अधेली आली. हे बोली लावू लागले. तोच जाडा शेट ह्यांच्यावर चढवू लागला. हे वर, तो वर. मोहरेचे पैसे संपत आले तसा ह्यांचा आवाज बारीक झाला, आणि एका आकड्याला हे थांबले. मान खाली घातली. शेटनं वळून आमच्याकडे पाहिलं आणि थोडा हसला.

ते हसणं मला झोंबलं. माझी मोहोर त्याच्या खिशात, आणि वर हा हसणार? मोहोर गेली ती गेली, आता अधेलीही सोडून रिकाम्या हातांनी घरी जायचं? घरखर्चातून मागे टाकलेले पैसे मी कनवटीला लावून आणले होते, ते ह्यांना ठाऊक नव्हतं. मी उभी राहून पुढचा आकडा ओरडले. सगळं आवार माझ्याकडे बघायला लागलं. शेटनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हात जोडले. म्हणाला, "ले जाओ बहन, ले जाओ."

अधेली आमची झाली. ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत, भर दिवसा! मी तो सोडवून घेतला, पण लगेच नाही.

व्हरांड्यात साहेबाचंच एक संगमरवरी टेबल होतं, त्यावर लिलावाचा कारकून पैसे घेऊन वस्तू देत होता. ह्यांनी पैसे दिले. कारकुनानं पातळ कागदात गुंडाळलेली अधेली ह्यांच्या हातात ठेवली. मी पावतीसाठी त्याच्या मागे लागले होते. पावतीवर ह्यांचं आडनाव त्यानं चुकीचं लिहिलं होतं, आणि मी तावातावानं ते नीट लिहून घेत होते. मोटार चुकेल म्हणून ह्यांच्या नावानंही ओरडत होते. आणि माझं बोलणं चालू असतानाच कारकुनाचा हात थांबला. आजूबाजूची माणसं थांबली. जाडा शेट व्हरांड्याच्या पायरीवर होता, त्यानं कपाळावर हात मारला. "अरे भले आदमी, ये क्या किया!"

मी वळून पाहिलं. कागद उघडा होता. अधेली टेबलावर होती, आणि ह्यांचा हात तिच्यावर तसाच अधांतरी.

ह्यांनी ती वाजवली होती. पैसे दिले, नाणं हातात आलं, आणि हातानं आपलं काम केलं. बारा वर्षं जिची वाट पाहिली, जिच्यावर कुणाचा श्वासही पडू नये म्हणून तोंडावर पंचा धरला असता, ती ह्यांनी कुणा उतारूच्या रुपयासारखी दगडावर आपटली. जित्याची खोड, दुसरं काय! राणीच्या मुकुटाच्या वर, अगदी कडेला, तांदळाच्या दाण्याएवढी ठेच पडली होती. तिथून आत आरशासारख्या भागावर एक केसाएवढी रेघ गेली होती. नमुन्याच्या नाण्याला एवढं पुरतं. शेटला ती आता फुकट दिली असती तरी नको होती.

मोटारीत हे खिडकीशी बसले. अधेली रुमालात, रुमाल मुठीत. मी खोपोलीपासून शब्द जुळवत होते. माझी मोहोर, माझे पैसे, चारचौघांत झालेली शोभा. सगळं ओठांवर तयार होतं. पळसदरीच्या जवळ आलो तेव्हा हे माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते.

"आवाज आयकलास?" हे म्हणाले.

मी रुमालाकडे पाहिलं.

"टांकसाळीतनं निघाल्यापासनं ती कदी वाजली नव्हती गं. आज पयल्यांदा वाजली. मी जनमभर रुपये वाजवले, पन असा आवाज... आयकलास नव्हं तू? शेजारीच उभी होतीस."

मी काही ऐकलं नव्हतं. मी आडनाव दुरुस्त करून घेत होते. पण ह्यांच्या हातात आता तेवढंच उरलं होतं, आणि ते मी काढून घेणार कशी?

"ऐकला," मी म्हटलं. "छान होता."

ह्यांनी मान हलवली आणि रुमाल माझ्या हातात दिला.

अधेली पेटीत बसली. पुढे कुणी नाणी बघायला आलं की हे ठेच लपवायचे नाहीत, उलट आधी तीच दाखवायचे. आणि आवाजाचं वर्णन करायचे. "असा लांबत गेला, असा लांबत गेला, की संपला कवा ते कळलंच नाय. हिलाच इचारा. हिनं बी आयकलाय." मग पाहुणा माझ्याकडे बघायचा आणि मी हो म्हणायची. वडील एकदा आले होते तेव्हा त्यांनाही हे सांगितलं. वडील आत येऊन मला हळूच म्हणाले, "अगं, चांदी तीच, वजन तेच. राणीछाप कुठलीही अधेली वाजव, आवाज तसाच येणार." मी म्हटलं, "बाबा, हे त्यांना सांगाल तर तुम्हाला जेवायला वाढणार नाही." ते हसले, आणि पाटावर जाऊन बसले.

हे गेले. दिवसकार्य झालं, माणसं आपापल्या घरी परतली. त्या दुपारी मी घरात एकटी होते. पेटी उघडली आणि अधेली कडेला धरून बाहेर काढली. स्वयंपाकघरातल्या ओट्याला कडाप्पा बसवलेला होता. थोडा वेळ ती त्याच्यावर धरून उभी राहिले. एका ठेचेच्या दोन होतील, एवढंच ना, असं मनाशी म्हटलं आणि वाजवली.

आवाज आला. राणीछाप कुठल्याही अधेलीचा येतो तसाच होता, वडील चुकले नव्हते. पण ह्या खेपेला मी मध्ये काही बोलले नाही. पार संपेपर्यंत ऐकला.