न वाजणारं बाक

बाई बसल्या की बाक वाजत नसे. आमच्या कॉलेजातलं एकही बाक माणसाला मुकाट बसू देत नाही. टेकलं तरी करकर, उठलं तरी करकर. चौदा नंबरच्या वर्गातलं शेवटचं बाक तर सगळ्यांत बोंबलणारं. पण बाई त्यावर बसल्या की काही म्हणजे काही ऐकू येत नसे. नवा प्राध्यापक शिकवता शिकवता मागे बघायचा, आणि बाई तिथे बसलेल्या. दाराशी मी उभा असायचो. मलासुद्धा त्या आत जाताना दिसलेल्या नसायच्या.

नगरच्या त्या कला शाखेच्या कॉलेजात मी उभी हयात शिपाई होतो. शिक्षण चौथी. ते मी लपवत नाही, आणि कुणी काढलं तर ऐकूनही घेत नाही. बाईंच्या दारावर ‘अध्यापन साहाय्य कक्ष’ अशी पाटी होती. म्हणजे मास्तरांना शिकवायला शिकवायची खोली. नव्या सरांचा तास संपला की बाई एकच वाक्य बोलायच्या. एकाला म्हणाल्या, “सर, फळ्याशी छान बोललात. उद्या मुलांशी बोला.” तो बिचारा आठवडाभर फळ्याकडे पाठ करून शिकवत होता.

त्यांचं दुसरं काम फेलोशिपचं. कॉलेज संपल्यावर पोरापोरींना दोन-दोन वर्षं कुठे शिकायला, कुठे गावोगावच्या शाळांत काम करायला पाठवतात, त्याचे अर्ज बाई भरून घ्यायच्या. पण अर्ज पुढे जाण्याआधी पोराने तो मला वाचून दाखवायचा, हा त्यांचा नियम. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतात. मी म्हणालो, “बाई, मी चौथी शिकलेला. मला हसायला बोलावलंत व्हय?”

त्या म्हणाल्या, “माझे वडील कर्जतकडे खडी फोडायचे, तात्या. त्यांना कळणार नाही असं मी कधी लिहिलं नाही. ते गेले. आता तुम्ही ऐका. तुम्हाला कळलं तर पाठवायचं, नाहीतर पोराने परत लिहायचं. तुमचं ‘हो’ मी तपासणार नाही.”

त्या दिवसापासून मी जरा ताठ चालायला लागलो, हे खरं.

आणि त्याच ताठ्याने घात केला. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका वाडीवरची कोमल नावाची पोरगी होती. गुणाची. तिचा अर्ज एका नव्या सरांनी सजवून दिला होता. ती वाचायला लागली, “बहुभाषिक अध्ययन-परिसंस्थेतील आशयाधिष्ठित हस्तक्षेप...” पुढचं सगळं तसंच. मला एक अक्षर कळलं नाही. पण सर समोर हाताची घडी घालून उभे. त्यांच्यादेखत ‘न्हाई’ म्हणायला माझी जीभ वळेना.

“कळलं,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “तात्या, खरं?”

“खरं.”

त्यांनी अर्ज पाठवला. काही महिन्यांनी नकार आला. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे दिवाळीच्या सुट्टीला निघताना त्यांची बॅग मी स्टँडवर पोचवली, तेव्हा एसटीच्या खिडकीतून म्हणाल्या, “कोमलला अजून एकदाच अर्ज करता येईल. घरचे म्हणतात, यंदा नाही झालं तर लग्न. तो अर्ज तेवढा तुम्ही ऐका.”

“ऐकतो,” मी म्हणालो.

सुट्टीतच बाई गेल्या. दुपारी जेवून खुर्चीत बसल्या होत्या. घरच्यांना तासभर कळलंच नाही.

कॉलेज उघडलं. चौदा नंबर झाडून मी शेवटच्या बाकावर टेकलो. बाक वाजलं नाही. उठलो, परत बसलो. नाही. अंग सोडून आदळलो. नाही. शेजारच्या बाकावर बसलो, करकर. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. सुतार बोलावला. त्याने बाक उलटं केलं, सुलटं केलं, स्वतः बसून बघितलं. म्हणाला, “तात्या, समदे खिळे ढिल्ले हायेत. ह्ये वाजायलाच पायजे की!” आणि हत्यारं गोळा करून चहा न घेता गेला.

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून नवीन मॅडम लागल्या. बाईंना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. शिकवता शिकवता थांबल्या आणि त्या रिकाम्या बाकाकडे बघून म्हणाल्या, “तुम्हाला काही विचारायचंय का?” पोरं हसली नाहीत. एकानेही मागे वळून बघितलं नाही.

नवं साल लागल्यावर कोमल आली. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी तिला चौदा नंबरातच नेलं. मी शेवटच्या बाकाला टेकून उभा, ती समोर. तिने कागद उघडला. “बहुभाषिक अध्ययन-परिसंस्थेतील...” कागद जुनाच होता. बाहेर वारं पडलं होतं, पण माझ्या मानेवर गार श्वास लागला.

“थांब, पोरी,” मी म्हणालो. “मला न्हाई कळलं. गेल्या वर्षीबी कळलं नव्हतं. मी खोटं बोललो.”

तिने कागद खाली केला. “म्हंजे माजं वरीस तुमच्यामुळं गेलं, तात्या?”

“व्हय.”

तिने कागद चुरगाळला. मला वाटलं, आता ही जाते. पण ती खाली बसली. मी म्हणालो, “तुला काय करायचंय, ते मला सांग.”

“आमच्या वाडीतली पोरं साळंत वरीसभर गप बसत्यात,” ती म्हणाली. “मुकी नसत्यात. घरातली बोली पुस्तकात नसती, गुर्जींच्या तोंडात नसती. मी सोता दीड वरीस गप हुते. मला त्या पोरांशी त्यांच्या बोलीत बोलायचंय.”

“ह्ये लिही,” मी म्हणालो. “असंच्या असं.”

तिने तिथेच बसून लिहिलं, वाचून दाखवलं, आणि मी ‘कळलं’ म्हणालो. या वेळी मला कुणी ‘खरं?’ विचारलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर कोमलचा फोन आला. निवड झाली होती. फोनवर तिचा बापच रडत होता. मी तडक चौदा नंबरात गेलो. वर्ग रिकामा होता. बाईंना सांगावं म्हणून शेवटच्या बाकावर बसलो.

बाक करकन वाजलं.

तासाची घंटा झाली, पोरं आत आली, तरी मी उठलो नाही. उठलो असतो तर ते पुन्हा वाजलं असतं.