बोटीच्या बुडाला दोन हात काळा रंग

माझ्या हातून आजवर चुका पुष्कळ झाल्या, पण त्या सगळ्या घाईगडबडीत झालेल्या. ही एकच चूक अशी, की ती मी चार दिवस मांडी घालून, पॉलिशकागद मारून आणि वर रंगाचे दोन हात देऊन केली. आता ती तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? पण चहा मागवलाच आहे तर ऐका. हसायचं ते शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी लाजतो आणि गोष्ट तिथेच राहते.

मी लोणावळ्याजवळच्या वलवणचा. शाळा चौथीत सुटली आणि मामांच्या हाताखाली रंधा धरला. दारं, चौकटी, बैलगाडीच्या साट्या, जे येईल ते. हात चांगला होता, हे मी स्वतःच सांगतो, कारण त्या वयात दुसऱ्याशी बोलायचीच मला चोरी. गिऱ्हाईक समोर आलं की मी फळीकडे बघायचो. एखादी गोष्ट विचारण्यापेक्षा ती अंदाजाने करणं मला सोपं वाटायचं. आणि माझे अंदाज सहसा बरोबर यायचे. हाच तर घात!

लोणावळ्यात तेव्हा सावंतसाहेब म्हणून एक गृहस्थ राहत. जन्मभर आगबोटीवर इंजिनिअर होते, निवृत्त झाल्यावर बंगल्यात येऊन बसले. तिथे त्यांनी दोन वर्षं खपून आपल्या बोटीची हातभर लांबीची नक्कल केली होती. काय वस्तू होती! दोरीच्या शिड्या, पितळी कठडे, करंगळीएवढ्या होड्या, सगळं जागच्या जागी. तिच्यासाठी त्यांना बैठक आणि वर काचेची पेटी हवी होती.

"पुढच्या रविवारी माझा एक मित्र मुंबईहून येतोय," साहेब म्हणाले. "गोदीतल्या सुतारखात्याचा मुख्य आहे. तुझं काम त्याच्या डोळ्यांखालून घालतो. पसंत पडलं तर तुझं नशीब निघालं. मी चार दिवस मुंबईला जातोय. काही अडलं तर आत्ता विचार."

मी काय विचारणार? फळीकडे बघून मान हलवली.

गोदीतली नोकरी! मामांकडे मी आयुष्यभर गाड्यांच्या साट्याच ठोकणार होतो. ही पेटी साधली तर मुंबई, नाही साधली तर वलवण. मनाशी म्हटलं, सदाशिवा, ह्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा सोडायची नाही.

बंगल्याच्या पडवीत काम मांडलं. राखणीला तिथला माळी, टाकव्याचे तुकाआबा. जुना मुरलेला साग घेतला. चार खांब, पाच काचा, आणि खिळा एकही नाही, सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. बैठकीसाठी बोटीच्या पोटाचा नेमका आकार हवा होता. म्हणून पुठ्ठा कापत, लावून बघत, पुन्हा कापत तो काढायचं ठरवलं आणि बोट अलगद उचलून उशीवर उताणी ठेवली.

बघतो तर काय, वरून काळीभोर दिसणारी बोट खालून लाल!

आता तुम्ही म्हणाल, लाल तर लाल, त्यात काय? अहो, तुम्ही लोणावळ्याचा पावसाळा काढलाय का? आमच्याकडचा पाऊस लोखंड खातो. म्हणून दर उन्हाळ्यात बंगल्याबंगल्याची फाटकं खरवडून त्यांना आधी लाल अस्तर मारतात आणि ते वाळलं की वर काळा नाहीतर हिरवा रंग. अस्तर लाल, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. आणि बोट तर लोखंडाची. म्हणजे उघडच होतं, साहेबांनी अस्तर मारलं, वरून काळा रंग द्यायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला.

तरी मी उतावळा नव्हतो बरं का. दुपारी मामा भाकरी घेऊन आले तेव्हा त्यांना दाखवलं. मामांनी बोट डोळ्यांजवळ धरली, बुडावरून अंगठा फिरवला.

"आरं, अस्तर हाय ते. वरचा हात ऱ्हायलाय," मामा म्हणाले. "आन ही पांढरी रेघ बघ. रंग कुटवर आनायचा त्याची खूण केलीया."

तुकाआबा तिथेच झाडांची आळी खणत होते. ते म्हणाले, "सायबास्नी आताशा दिसत न्हाई. परवा मलाच फाटक समजून ढकाललं. आन त्या बुडाकडं वाकून कोन बगतंय?"

झालं. तीन माणसांचं एकमत झालं, आणि तिघांपैकी समुद्र एकानेही पाहिलेला नव्हता!

तरीही मी आणखी एक खातरजमा केली. दिवाणखान्यात त्याच बोटीचा मोठा फोटो टांगलेला होता. तुकाआबांना विचारून आत गेलो आणि फोटोसमोर उभा राहिलो. बोट वरपासून खालपर्यंत काळी. पांढरी रेघ नाही, वेगळा रंग नाही, काही नाही. एकदा नव्हे, चांगला आठ वेळा बघून आलो. यापेक्षा जास्त पुरावा कोर्टसुद्धा मागणार नाही.

मग मात्र मला साहेबांची फार दया आली. दोन वर्षांची मेहनत, डोळे अधू, आणि रविवारी मित्रासमोर अर्धवट बोट काचेत ठेवणार. मी बोलून दाखवलं असतं तर बिचारे ओशाळले असते. म्हणून न बोलता करून टाकायचं ठरवलं.

बाजारातून काळ्या तेली रंगाची डबी आणली. लाल बूड हलकं घासून घेतलं. बोटीच्या नाकाडावर खालून वर बारीक पांढरे आकडे लिहिलेले होते. तेही मी ओळखले. आम्ही नाही का फळीवर पेन्सिलीने मापं लिहीत? काम संपलं की पुसायची असतात. साहेब ती विसरले होते. पॉलिशकागदाने मी ती अशी साफ केली की खूण म्हणून उरली नाही. मग पहिला हात, मध्ये एक दिवस वाळवण, मग दुसरा हात. आरसा! तुकाआबांनी त्यात मिशी बघितली.

रविवारी साहेब थेट स्टेशनावरूनच पाहुण्यांना घेऊन आले. पेटीवर मी पांढरं धोतर टाकून ठेवलं होतं. साहेबांनी ते ओढलं.

पाहुण्यांनी आधी पेटी बघितली. सांध्यावरून नख फिरवलं, वाकून कोपरे बघितले आणि "वा" म्हणाले. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. मग त्यांनी काचेतून आत बघितलं आणि बघतच राहिले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सावंत," पाहुणे हळूच म्हणाले, "खालचा लाल कुठं गेला?"

जन्मात पहिल्यांदा मी कुणी न विचारता बोललो. "साहेब, अस्तर उघडं राहिलं होतं. मी दोन हात मारले. खुणेची रेघ झाकली, आणि ती मापं राहिली होती तीही पुसली."

साहेब पेटीजवळ बसले आणि इतकंच म्हणाले, "आकडे मी सुईच्या टोकानं काढले होते रे."

पण मी खरा होतो ना! मी म्हणालो, "साहेब, फोटोत बघा. खालपर्यंत काळी आहे."

पाहुणे उठले, मला दंडाला धरून फोटोसमोर घेऊन गेले आणि म्हणाले, "मुला, फोटोत ती पाण्यात आहे."

आठ वेळा बघितला होता हो मी तो फोटो! त्यात बोट होती, धूर होता, डेकवरचे खलाशी होते, सगळं मी बघितलं होतं. फक्त समुद्र तेवढा राहिला होता.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. लोखंडी बोटीचं पाण्याखालचं अंग लालच ठेवतात, शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून तो वेगळा रंग असतो. पांढरी रेघ म्हणजे पाणी कुठवर येतं ते, आणि आकडे म्हणजे बोट किती खोल बुडाली आहे ते. मी तर त्याच क्षणी सगळे आकडे ओलांडून खाली गेलो होतो.

पुढे पंधरा दिवस मी बोट धरून बसलो आणि साहेबांनी भिंग लावून एकेक आकडा पुन्हा काढला. लाल रंगाला त्यांनी मला हात लावू दिला नाही. बोलले मात्र काही नाहीत, उलट रोज चहा दिला. त्यानेच जास्त लाज वाटायची.

पण नवल पुढेच आहे. त्या रविवारी निघताना पाहुण्यांनी कागद मागवला आणि इंग्रजीत चार ओळी लिहिल्या.

"तुला इंग्रजी येतं?"

"नाही साहेब."

"बरं आहे," ते म्हणाले. "हे घे आणि गोदीत सुतारखात्याच्या कारकुनाला दे."

चिठ्ठी! माझं नशीब निघालं होतं! खिशात चुरगळेल, घामाने शाई पसरेल म्हणून मी तिच्यासाठी सागाची चौकट केली, पुढे काच बसवली, मागे पातळ फळी. वलवणभर ती दाखवली. मामांनी तिला हळदकुंकू वाहिलं. मग ती छातीशी धरून मी मुंबईला गेलो.

कारकुनाने चौकट उलटसुलट केली. "सांधे झकास आहेत," म्हणाला. मग वाचायला लागला आणि एकाएकी टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. सगळं खातं गोळा झालं. त्याने डोळे पुसून सर्वांसाठी मराठीत वाचलं, "सुतार पहिल्या प्रतीचा. ताबडतोब ठेवून घ्यावा. हातात कुंचला दिसल्यास काढून घ्यावा."

नोकरी लागली. उत्तम चालली आहे. चिठ्ठी मात्र मला परत मिळाली नाही. त्या लोकांनी ती रंगाच्या कोठीच्या दाराशी भिंतीवर टांगली. समुद्राची हवा, दमट भिंत, म्हटलं दोन पावसाळ्यांत कागद कुजेल आणि मी सुटेन. पण कुजतोय कसला! चौकट माझ्या हातची. तिच्यात अजून वाराही शिरलेला नाही.