गच्चीवरची नऊ अक्षरं

त्या चार मजली जुन्या व्यापारी इमारतीचा वायरमन म्हणजे तात्या. तीस वर्षं त्याच मीटरखोलीत काढलेली. त्यातली शेवटची सात त्यांनी मालकांच्या मागे सोलरचा लकडा लावण्यात घालवली. "एवढी मोठी गच्ची नुसती तापत पडलीय. लिफ्ट आणि जिन्यातले दिवे तरी उन्हावर चालू द्या," हे ते इतक्या वेळा म्हणाले की बायको घरी म्हणायची, "सूर्य तुमचा सासरा लागतो का, एवढी त्याची बाजू घ्यायला?"

शेवटी मालक तयार झाले, पण मेहेरबानी केल्यासारखे. "हिवाळा संपेपर्यंत लाइटबिल निम्मं झालं नाही, तर तुमच्याच हातांनी काढायचं सगळं." तात्यांनी सगळ्या भाडेकरूंसमोर शब्द दिला. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. जाताना एक तरी काम नावावर असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

गच्चीच्या दक्षिण कठड्यावर, रस्त्याकडे तोंड करून, मालकांच्या वडिलांचं नाव उभं होतं. लोखंडी नऊ अक्षरं, प्रत्येक दीड पुरुष उंच. सोलर कंपनीच्या पाहणी करणाऱ्याला सकाळी नऊला, सावल्या लांब असताना बोलवा म्हणून तात्यांनी घसा कोरडा केला. पण मालकांचा दिवसच बाराला उजाडतो. भर उन्हाळ्यात, भर दुपारी पाहणी झाली. अक्षरांची सावली तेव्हा त्यांच्याच पायाशी होती. पाहणाऱ्याने कागदावर 'सावली नाही' लिहिलं आणि चहा पिऊन गेला. नावाच्या मागेच पॅनेलांच्या ओळी बसल्या.

हिवाळ्यात सूर्य खाली कलला आणि ते नाव पॅनेलांवर येऊन झोपलं. एका पॅनेलवर सावली पडली की अख्खी ओळ मान टाकते. तात्या रोज मीटर बघायचे आणि रोज चरफडायचे. पॅनेल धुऊन झाली, वायरी तपासून झाल्या. रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे, हे त्यांना कळत होतं, पण हात शांत बसत नव्हते.

शेवटी ते मालकांकडे गेले. "साहेब, नाव फक्त खाली आणू. कठड्याच्या बाहेर, भिंतीवर. रस्त्यावरून उलट जास्त चांगलं दिसेल."

मालक ताडकन उठले. "बाबांचं नाव खाली आणू? मी?"

"दोन पुरुष खाली, साहेब."

"एक इंचही नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. मुदत संपली, बिल निम्म्याच्या आसपासही गेलं नाही. तात्यांनी स्वतःच्या हातांनी बावीस पॅनेल उतरवून तळघरात भिंतीला टेकवून ठेवली. त्यांना रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

आठवड्याने शेजारच्या इमारतीचे मालक आले. त्यांची गच्ची मोकळी, अगदी सपाट. दारातच त्यांनी विचारलं, "तुम्ही सोलर केलं होतं ना? आम्हीही म्हणतोय."

"करून पाहिलं हो. आपल्या भागात चालत नाही," मालक म्हणाले आणि जवळच शिडी धरून उभ्या असलेल्या तात्यांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "विचारा आमच्या तात्यांना. त्यांनीच तर काढलं."

शेजारी तात्यांकडे वळले. "तुम्ही जाणकार. खरंच चालत नाही?"

तात्यांना निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने आठवले. मग ती सात वर्षं आठवली.

"चालतं," ते म्हणाले. "आमच्याकडे नाव आडवं आलं."

मालकांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.