टांग्याचं भाडं आणि शिवलेला खिसा

माझी नात सुट्टीत एकटीच कुठल्या कुठल्या बेटांवर जाते. निघताना मी तिला बजावते, टॅक्सीचं भाडं आधी ठरव, पैसे जपून ठेव. ती म्हणते, "आजी, तुला गं काय ठाऊक बेटांचं?" आहे ठाऊक. मीही एक बेट एकटीनं केलेलं आहे. ते कृष्णेतलं, इस्लामपूरजवळच्या बहे गावचं होतं, एवढंच.

लढाईची वर्षं होती. मला साताऱ्याहून पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं आणि वडील पाठवत नव्हते. मुलगी एकटी कशी वावरणार, हे त्यांचं पालुपद. शेवटी माझ्या भुणभुणीला कंटाळून म्हणाले, बह्याच्या बेटावर एकटी जाऊन दोन दिवस राहून ये. फसायचं नाही आणि कुणाकडे उधारी करायची नाही. जमलं तर पुण्याचं बघू. बेटावरच्या पुजाऱ्याची बायको आईच्या ओळखीची, त्यामुळे राहण्याची काळजी नव्हती. काळजी होती ती वाटेची.

आमची आत्या काशीला जाऊन आलेली, म्हणजे घरातली प्रवासाची तज्ज्ञ. तिनं माझ्या परकराला आतून चोरखिसा शिवून दिला. मी तिच्याहून शहाणी. मोटारीत डुलकी लागली तर, म्हणून पैसे घालून खिशाचं तोंडही दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकलं. तिकिटापुरती चिल्लर रुमालाच्या गाठीत ठेवली. पुढे टांग्याला काय देणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. एवढी बुद्धी असल्यावर पडावा कसा?

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून कोळशाच्या ग्यासवर चालणारी मोटार धापा टाकत इस्लामपूरला पोचली. टांगेवाल्यानं सव्वा रुपया सांगितला. मी कमरेवर हात ठेवून भांडले. घोडा म्हातारा, म्हणजे वेळ जास्त लागणार, म्हणजे भाडं कमी, असला काहीतरी हिशेब त्याला ऐकवला. अड्ड्यावरचे बाकीचे टांगेवाले करमणूक म्हणून जवळ सरकले. अखेर तो बारा आण्यांना राजी झाला, बहुतेक माझं तोंड बंद व्हावं म्हणून. वाटेत त्यानं गाव विचारलं. आत्याची ताकीद होती, परक्याला नावगाव सांगायचं नाही. मग बिचारा घोड्याशीच बोलत राहिला.

नदीकाठी उतरले तेव्हा नाव सुटायच्या बेतात होती. मी ऐटीत रुमालाची गाठ सोडली. रिकामी! पैसे कुठे आहेत ते आठवलं आणि माझा हात परकराच्या शिवलेल्या खिशापाशी जाऊन अडला.

टांगेवाल्यानं हात पुढे केला. मग म्हणाला, "बाराच आणं ठरलं, ते बी लय भांडून. आता ते बी न्हाई व्हय?"

"आहेत हो. पण काढता येत नाहीत."

त्याला आजवर बऱ्याच जणांनी बऱ्याच सबबी सांगितल्या असतील, ही नवी असावी. माझा चेहरा पाहून तो नरमला. परत जाताना द्या म्हणाला. म्हणजे उधारीच की! नाही म्हटलं तर टांगा अडलेला, हो म्हटलं तर पुणं गेलं. मी तिथंच रडायला लागले.

काठावर बाया धुणं धूत होत्या. त्यांतली एक म्हातारी उठून आली. मी तिच्या कानात खरं काय ते सांगितलं आणि तिनं ते साऱ्या घाटाला ऐकवलं. धुणं टाकून सगळ्या धावल्या. दोघींनी ओलं लुगडं आडवं धरलं. म्हातारीनं हुकूम सोडला, "टांगेवाल्या, घोड्याकडं तोंड कर रं." त्यानं मुकाट्यानं केलं. कात्री कुणापाशी नव्हती. म्हातारीनं वाकून टाके दातांनी तोडले. दात मोजकेच उरलेले, त्यामुळे दातांची बाजू टाक्यांवर बसेपर्यंत मला इतक्या गुदगुल्या झाल्या, की रडता रडता मी हसू लागले. खिसा एकदम उसवला. एक रुपया दगडावर खणकन आपटून लुगड्याखालून पाण्याकडे घरंगळत निघाला. टांगेवाल्यानं मान न वळवता पाय टाकून तो दाबला.

तोच रुपया मी त्याला दिला. त्यानं चार आणे परत केले. मी उदार होऊन म्हटलं, राहू द्या.

"ठरलं ते ठरलं," तो म्हणाला. "न्हाईतर माझ्या घोड्याला म्हातारा म्हणून कशापायी भांडलासा?"

बेटावरचे दोन दिवस मजेत गेले. फक्त नावेनं येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या खिशाची खुशाली विचारायची, मग देवाला जायची. परतीला तोच टांगेवाला आला, तेव्हा भाडं मी वाटभर मुठीत धरून बसले होते.

घरी वडिलांनी विचारलं, फसलीस? नाही. उधारी? नाही. मी अगदी ताठ मानेनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आत्यानं परकर धुवायला घेतला आणि तिथूनच विचारलं, "अगं, हे टाके चावले कुणी?"

मग सगळंच सांगावं लागलं. वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं.

"घाटावरच्या सगळ्या आल्या धावून?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

वर्तमानपत्र पुन्हा उचलून ते त्याच्याआडून म्हणाले, "पुण्याला जाताना त्या खिशाला बटण लाव."

बटण आत्यानंच लावलं. काज मात्र तिनं इतकं अरुंद केलं, की पुण्याच्या स्टेशनावरचा टांगेवाला बराच वेळ ताटकळला.