शशीताईची साखर

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपले साचत जातात. आमच्या घरी जरा जास्तच साचले, कारण अख्ख्या जिन्यात फोन एकट्या आमच्याकडे होता. फोनवाल्या घरात आधी बातमी येते, मग तिच्यामागं माणूस येतो, आणि माणूस निघून गेला तरी गोष्ट तिथंच राहते. लोक मला भोचक म्हणायचे. मी आपली उंबऱ्यात बसून भाजी निवडायची. आता जिनाच समोरून जातो, त्याला मी काय करणार!

नव्वदीतलं आमचं कळंबोली म्हणजे लोखंडाचा बाजार, ट्रकांच्या रांगा आणि मधेमधे सिडकोच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगी. कुणाला काही झालं तर पनवेल गाठायचं. कसं गाठायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं.

समोरच्या फ्लॅटमध्ये शशीताई राहायची. यजमान गेलेले, मुलगा नितीन बडोद्याला नोकरीला. हिला डायबेटिस, रोजचं इन्शुलीन. नितीन सारखा म्हणायचा, एकटी राहू नकोस, बडोद्याला चल. तिला हे घर सोडायचं नव्हतं. शेवटी त्याला गप्प करायला तिनं कबूल केलं की ज्या दिवशी साखर उतरून पडेन, त्या दिवशी येईन.

झालं! तेव्हापासून आमच्या जिन्याला एकच काम लागलं. शशीताईला पडू द्यायचं नाही, आणि पडलीच तर नितीनला कळू द्यायचं नाही.

*

शशीताईकडे फ्रिज नव्हता. तिच्या इन्शुलीनची बाटली आमच्या फ्रिजात, अंड्यांच्या कप्प्यात असायची. ती पक्की शाकाहारी आणि आम्ही मालवणकडचे. रोज सकाळी चहाच्या आधी ती नाकाला पदर लावून फ्रिज उघडायची, बाटली न्यायची, इंजेक्शन घेऊन परत आणून ठेवायची. एकदा तिची तपासणी चांगली आली, तर मला म्हणाली, "मंगल, बांगड्याचा गुण असेल गं."

एका दिवाळीला नितीननं आईला फ्रिज घेऊन दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही नेहमीसारखी दारात हजर. मी म्हटलं, अगं, आता तुझ्याकडे फ्रिज आलाय ना?

"आलाय. पण एवढ्या मोठ्या फ्रिजात ती बाटली एकटीच कशी ठेवायची?"

मी अंडी जराशी सरकवून घेतली.

*

साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. साखरेबरोबर स्वभावही उतरतो, हे शशीताईनं दाखवलं. ही बाई मांजरालासुद्धा "अहो, बाजूला व्हा" म्हणणारी. एका दुपारी पाण्याच्या मोटारीवरून ती वरच्या मजल्यावरच्या परबांना तोंडावर "बैलोबा" म्हणाली.

परब हसले. मला काही हसू येईना. तिच्या ओठांवर घाम दिसत होता आणि नजर कुठंच ठरत नव्हती. मी पळत जाऊन साखरेचं पाणी आणलं, घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं तिनं मान वर केली आणि हळूच विचारलं, हे परब इथं का उभे आहेत?

संध्याकाळी गेटाजवळच्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बरोबर केलंत. माणूस जागा आहे, गिळतोय, तोवर साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, कुशीवर वळवा आणि घेऊन निघा.

त्या दिवसापासून परब शर्टाच्या खिशात साखरेची पुडी बाळगायला लागले. पुढं एकदा त्यांनी जिन्याच्या तोंडाशी स्कूटर लावली म्हणून शशीताई खरोखरच भडकली. परबांनी लगेच पुडी सोडली. म्हणाले, वहिनी, आधी हे खा, मग बोला.

शशीताईनं ती साखर शांतपणे खाल्ली, वर पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

"आता पूर्ण शुद्धीत सांगते. स्कूटर हलवा, बैलोबा."

*

आमच्या गेटसमोर ट्रक उभे राहायचे. एकदा एक ड्रायव्हर चहा पिता पिता खाली कोसळला. फिट आली होती. हातपाय झाडतोय, तोंडाला फेस. मिनिटात गर्दी जमली आणि जो तो आपली चप्पल काढून त्याच्या नाकापाशी धरायला लागला. कुणी कांदा फोडून आणला, कुणी तोंडात घालायला चमचा.

डॉक्टरीणबाई दवाखान्यातून तशाच धावत आल्या. चमचा काढून घेतला, लोकांना मागं सारलं. त्याला धरून ठेवू नका, आपोआप थांबेल, फक्त डोकं आपटू देऊ नका, म्हणाल्या. शशीताईनं स्वतःची शाल घडी करून त्याच्या डोक्याखाली घातली. झटके थांबल्यावर दोघींनी मिळून त्याला कुशीवर वळवलं. कांदा आणणाऱ्या बाईला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "तो घरी न्या, भाजीत घाला."

लोक घाबरून मागं सरले होते, चपला तिथंच राहिल्या होत्या. ड्रायव्हरनं डोळे उघडले. डोक्याभोवती चपलांचा ढीग, शेजारी सुती साडीतली एक बाई हात धरून बसलेली. त्यानं क्षीण आवाजात विचारलं, "माताजी, यहाँ मंदिर है क्या?"

*

परबांचा किस्सा मात्र वेगळा. रविवारची सकाळ. परबांच्या हातून कप पडला, बोलणं घोगरं झालं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. परब अधूनमधून घ्यायचे, त्यामुळे त्यांची बायको जिन्यात येऊन कपाळावर हात मारत होती की सकाळी सकाळीच सुरू केली. मी वर गेले आणि सरळ त्यांच्या तोंडाचा वास घेतला. नुसता टूथपेस्टचा वास!

मागून शशीताई आली. परबांना म्हणाली, दोन्ही हात वर करा. उजवा वर गेला, डावा मांडीवरच राहिला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये डॉक्टरीणबाईंनी लकव्याबद्दल हेच सांगितलं होतं, आणि आम्ही सगळे तेव्हा पार्किंगवर भांडत होतो. परबवहिनींनी पाण्याचा ग्लास आणला, तो शशीताईनं हातातून काढून घेतला. घशात अडकेल, म्हणाली. आता काही द्यायचं नाही, फक्त निघायचं.

तळमजल्यावर म्हात्रे राहायचे, मूळचे खाडीकडच्या गावातले. त्यांचा बर्फाचा टेम्पो होता, आणि त्या दिवशी तो लाद्यांनी भरलेला. लाद्या उतरवण्यात वेळ कोण घालवणार? परबांना खुर्चीवर बसवून चौघांनी जिन्यावरून खाली आणलं आणि गोणपाट टाकून दोन लाद्यांच्या मधे कुशीवर निजवलं. म्हात्र्यांनी टेम्पो असा हाणला की मागं बसलेल्या वहिनींना त्यांच्यावर रागवायचंही सुचलं नाही.

पनवेलला डॉक्टरांनी परबांच्या पायाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे तर पूर्ण थंड पडलेत," ते म्हणाले. वहिनींनी तिथंच हंबरडा फोडला. तेवढ्यात परबांचे ओठ हलले. सगळे वाकले. वाकड्या तोंडानं, एकेक अक्षर ओढत परब म्हणाले, "ब... र्फ."

महिन्याभरानं घरी आले. पाय थोडा ओढायचे, पण चालायचे. मे महिन्यात उकडायला लागलं की म्हात्र्यांना हाक मारायचे, चला, एक पनवेल फेरी होऊन जाऊ दे.

*

मग ती दाराची भानगड झाली. त्या सकाळी शशीताई बाटली न्यायला आलीच नाही. मी बेल वाजवली, दार ठोठावलं. उत्तर नाही. मी म्हात्र्यांना हाक मारली. म्हात्रे पहार घेऊन आले आणि दोन दणक्यांत लॅचसकट चौकटीची फळी काढली. आम्ही सगळे आत घुसलो. स्वयंपाकघर बघितलं, बाथरूम बघितलं, वहिनींनी पलंगाखालीसुद्धा बघितलं.

"काय शोधताय?" मागून आवाज आला. शशीताई! उपाशीपोटी तपासणीचं रक्त द्यायला पहाटेच पनवेलला गेली होती, मला उठवायचं तिच्या जिवावर आलं म्हणून न सांगता. अख्खा जिना तिच्या घरात उभा आणि दाराची फळी भिंतीला टेकवलेली. शेवटी म्हात्रे म्हणाले, "ताय, तू बरी हाय ना? मंग दार बी बरा करतू."

त्यांनी नवी फळी ठोकून दिली. पण नव्या लाकडाचा रंग कसा लपणार? पुढल्या भेटीत नितीननं जिना चढता चढताच विचारलं, दाराला काय झालं? परबांनी सांगितलं, चोर आले होते. म्हात्रे म्हणाले वाळवी. मी म्हटलं, अरे, पावसानं फुगलं होतं.

नितीन आमच्याकडे बघत राहिला. "म्हणजे वाळवी लागलेलं दार फुगलं, म्हणून चोरांनी फोडलं?"

तो पोरगा वाईट नव्हता. रागावलाही नाही. खरी गोष्ट ऐकून घेतली आणि मला म्हणाला, "मावशी, या वेळी भीती खोटी ठरली. पण तुम्हाला दार फोडावंसं वाटलं, याचाच अर्थ मी काय समजायचा?" जी बाई पडलीच नाही, ती आम्ही दार फोडल्यामुळे बडोद्याला गेली.

निघताना तिनं बाटली न्यायला आमचा फ्रिज उघडला. त्या दिवशी नाकाला पदर लावला नव्हता.

*

शेवटचा किस्सा फोनवरचा. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. भर दुपारी बडोद्याहून शशीताईचा फोन. मी हॅलो म्हटलं तर म्हणते, "बोल मंगल, काय काम काढलंस?"

फोन तिनंच केलेला. आवाज जड, शब्द एकमेकांना चिकटलेले. मी समजले. घरात कोण आहे, विचारलं. कुणी नाही, नितीन आणि सून दोघं कामावर. शेजारी? तिला नावंही धड माहीत नव्हती. म्हटलं, आधी साखर घे. तर लहान मुलीसारखी म्हणाली, साखर कुठं असते ते मला ठाऊक नाही. हिनं गोड खाऊ नये म्हणून सुनेनं काळजीपोटी वर कुठंतरी ठेवून दिली होती.

आमच्या जिन्यात कुणाच्याही घरात मी डोळे मिटून साखरेचा डबा काढला असता. इथून बडोद्याच्या ओट्यावर हात कसा पोचणार? मी म्हटलं, "शशीताई, फोन ठेवू नकोस. देवापुढं काय आहे बघ."

बराच वेळ नुसती खरखर. मग तिचा आवाज आला. "खडीसाखर आहे."

"बस खाली. चाव."

कडकड आवाज यायला लागला. मी इकडे रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून तो आवाज ऐकत होते. डॉक्टरीणबाई सांगायच्या, साखर दिली की प्रश्न विचारत राहा, उत्तरं जुळायला लागली की माणूस परत आला. मी विचारलं, नाव काय तुझं? शशिकला. मुलाचं? नितीन. आज वार कोणता? जरा थांबून म्हणाली, गुरुवार. बरोबर होता.

"आणि आत्ता तू कुठं आहेस?"

"तुझ्या समोर."

म्हटलं, अजून दोन खडे खा. पुन्हा कडकड. हळूहळू तिचा श्वास शांत झाला, आणि मग आवाज आला तो अगदी तिचा, पहिल्यासारखा स्वच्छ.

"घाम गेला गं. हातही थांबले. आणि हे बघ, नितीनला यातलं काही सांगू नकोस. सुनेला उगाच वाईट वाटेल."

"नाही सांगत. पण एकदा परत सांग, शशीताई. कुठं आहेस तू?"

"सांगितलं ना मघाशी. तुझ्या समोर."