खालचा बाण

त्याला सगळे ड्रायव्हर म्हणायचे, आणि त्याला साधी सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. हे नाव पडलं बायकोमुळे. नव्या शेजारणीने एकदा सहज विचारलं, "तुमचे हे काय करतात हो?" बायको त्या दिवशी वैतागलेली होती. ती म्हणाली, "काय करणार? उठल्यापासून ड्रायव्हर, ड्रायव्हर!" शेजारणीने शनिवारी स्टेशनवर सोडाल का म्हणून विचारलं, आणि मग गल्लीत हसू पिकलं ते पिकलंच.

तो तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत चाळीस कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि घरी आल्यावर एक्केचाळिसावा. या एक्केचाळिसाव्यावर लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणालाही आत डोकावून बघता येईल अशी यंत्रणा. विकतची, झाकलेली यंत्रणा घरात आणायची नाही हे त्याने तरुणपणीच ठरवलं होतं. त्या हट्टापायी त्याने अर्धं आयुष्य ग्राफिक्स कार्डाशी झटापट करण्यात घालवलं. पडद्यावरचं चित्र काढतं ते कार्ड, आणि यंत्रणा आणि कार्ड यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करतो तो ड्रायव्हर. दुभाषा एक शब्द चुकला की पडदा काळा. अशा काळ्या पडद्यांपुढे बसून त्याचे केस गेले, आणि वर तो म्हणायचा, मजा येते.

त्याला छोट्या म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे त्याचा दादा. छोट्या चोपन्न वर्षांचा, दादा एकसष्टचा. दादा छापखान्यात मुद्रितशोधक होता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून तो निवृत्त झाला, तरी हॉटेलातल्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ पाहून त्याचा घास अडायचा. तो राहायचा दुसऱ्या गावी, दिवसभराच्या प्रवासावर. दोघा भावांचं बोलणं म्हणजे "काय, बरं ना?" आणि "हो, तुझं?" यापलीकडे कधी गेलं नव्हतं. त्यांचं खरं बोलणं टेबल टेनिसमध्ये व्हायचं.

वडिलांच्या कारखान्यातल्या क्लबात एक टेबल होतं. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली विटेचा तुकडा. तिथे दादाने छोट्याला खेळायला शिकवलं. सुरुवातीला तो त्याला पाच गुणांची सूट द्यायचा. बारा वर्षांचा झाल्यावर छोट्या एक दिवस बॅट आपटून म्हणाला, "सूट घेऊन खेळायचं नाही. हरलो तर हरलो." दादाने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुढचा गेम एकवीस-शून्य मारला. त्या दिवसापासून त्या घरात सूट हा शब्द कोणी काढला नाही.

मग चाळीस वर्षांनी ते आभासी खेळाचं यंत्र आलं, डोळ्यांवर चढवायचा तो हेडसेट. बायको त्याला झापड म्हणायची. "झापड लावून बसलात का? मग दार कोण उघडणार?" झापड लावली की समोर एक उजळ खोली, मधोमध हिरवं टेबल आणि पलीकडे दादा. दादा म्हणजे हवेत तरंगणारं एक डोकं आणि दोन हात, एका हातात बॅट. पण डोकं कलतं करून सर्व्हिस घेण्याची ढब तीच होती. छोट्याने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा समोरून आलेला बॉल त्याने तसाच जाऊ दिला. दोन वर्षं दर रविवारी सकाळी नऊला ते खेळत. दादाकडे साधं, दुकानातून आणलेलं, लावलं की चालणारं यंत्र होतं. छोट्याकडे अर्थातच लिनक्स, आणि प्रत्येक रविवार ही एक लढाई.

अलीकडे दादा हरू लागला होता. समोरचा बॉल सुरेख मारायचा, पण कडेला टाकला की बॅट जागची हलत नसे. छोट्या चिडवायचा, "दादा, बाजूचे बॉल काय मला आंदण दिलेस?" दादा हसून म्हणायचा, "म्हातारा झालो रे."

काचबिंदू होता तो. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्याला समोरचं तेवढं दिसत होतं, नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन केलं नाही तर उरलेलं हळूहळू जाणार, आणि केलं तर आहे तेही एकदम जाऊ शकतं. तारीख ठरली होती एका सोमवारची. त्याच्या आधी पाच रविवार होते. दादाने वहिनीला बजावलं, "छोट्याला सांगायचं नाही. तो सूट देईल." असा हा माणूस! आणि धाकटा त्याहून वरचढ, ते आता कळेलच.

त्या पाचांतल्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी छोट्याने लिनक्सचा गाभा बदलला, कारण कार्डाचा ड्रायव्हर त्या गाभ्यातच असतो. जुन्यात काही बिघडलं नव्हतं. मान झटकन वळवली की चित्राच्या कडेला एवढीशी थरथर यायची, ती नव्यात गेली आहे असं कोणीतरी लिहिलं होतं, एवढंच. सकाळी झापड चढवली तर आत मिट्ट काळोख.

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावर आहे. लिनक्स नवा गाभा घालताना जुना फेकून देत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर यादी येते. पहिल्या ओळीत नवा, दुसऱ्या ओळीत जुना. खालचा बाण एकदा दाबायचा, एंटर मारायचं, की कालचं सगळं जसंच्या तसं. प्रयोगशाळेत घाबरून आलेल्या प्रत्येकाला छोट्या हेच सांगायचा. स्वतः मात्र त्याने तो बाण दाबला नाही.

त्याचं एक तत्त्व होतं. जुन्यावर परत गेलं की माणूस सुस्तावतो, खेळत बसतो, मग नव्यातली चूक काढणार कोण? लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चामंडळावर अशीच झापड काळी पडलेली शे-दीडशे माणसं होती, आणि तिथे त्याचा शब्द मोठा होता. त्याने लिहून टाकलं, 'मी शोधतो.' एकदा लिहिल्यावर मागे येणं त्याच्या जिवावर आलं. दादाला त्याने फोन केला.

"दादा, घोडं अडलंय. आज नाही जमायचं."

"किती दिवसांचं काम आहे?"

"दोन-तीन. पुढच्या रविवारी नक्की."

"बरं," दादा म्हणाला.

चूक शोधायची रीत अशी की जुन्या आणि नव्याच्या मधले जे तेरा हजार बदल, त्यांच्या बरोबर मधोमध जायचं. तिथली आवृत्ती तयार करायची, चालवून बघायची. चालली तर वहीत 'बरोबर' लिहायचं, नाही तर 'चूक', आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मधोमध. चौदा पायऱ्यांत चोर हाती लागतो. पण हा चोर बिलंदर होता. तो कधी दिसे, कधी दिसत नसे. म्हणून प्रत्येक आवृत्ती वीस-वीसदा सुरू करून पाहावी लागे. दुसरा रविवार असाच गेला. "पुढच्या रविवारी नक्की," छोट्या म्हणाला. दादा म्हणाला, "बरं."

तिसऱ्या रविवारी सकाळी तयार झालेली आवृत्ती चालली. झापड चढवल्याबरोबर उजळ खोली, हिरवं टेबल आणि पलीकडे दादा. नऊ वाजले होते आणि दादा आपला एकटाच बॉल उडवत उभा होता.

"अरे, आलास!" दादाचं डोकं कलतं झालं. "सर्व्हिस कोणाची?"

"थांब, थांब. मी नुसता बघायला आलोय. ही चालते का एवढंच."

"चालतेय ना? मग खेळू की."

"अजून सहा पायऱ्या आहेत, दादा. आत्ता रमलो तर आजचा दिवस हातचा जाईल."

"एक गेमसुद्धा नाही?"

"पुढच्या रविवारी नक्की. मग मनसोक्त."

दादाची बॅट हळूच खाली आली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस तो, त्याला हे काम कळत होतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "अर्धवट सोडू नकोस."

यंत्र बंद, यंत्र सुरू, पुन्हा झापड. वीसदा बघायचं होतं ना! पुढच्या वेळी छोट्याने दादाला नुसता हात केला. त्याच्या पुढच्या वेळी तेवढंही नाही. त्या सकाळी छोट्या त्या खोलीत वीसदा डोकावला. पहिल्या सात वेळा दादा तिथे उभा होता. मग नव्हता. वहीत त्याने 'बरोबर' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ते पान त्याने पुढे फाडलं नाही, पण उघडलंही नाही.

चौथ्या आठवड्यात कळलं की मागे एका ठिकाणी 'चूक'च्या जागी 'बरोबर' लिहिलं गेलंय. सगळं पुन्हा पहिल्यापासून. छोट्या इतका पेटला की दादाला फोन करायचंही राहून गेलं.

पाचव्या रविवारी दादाने आपणहून फोन केला. असं तो कधी करत नसे. "आज जमेल का रे?"

"दोनच पायऱ्या राहिल्यात, दादा! हाताशी आलंय बघ."

"उद्यापासून मला जरा काम आहे."

"मग काम उरक, आणि पुढच्या रविवारी—"

"नक्की," दादाने त्याचं वाक्य पुरं केलं आणि तो हसला.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "अहो, ते जुनं आहे ना तुमच्याकडे? आजच्यापुरतं लावा की."

"तसं नसतं ते," छोट्या म्हणाला. तसंच होतं ते. बायकोने मान उडवली आणि ती आत गेली.

बुधवारी चोर सापडला. अख्ख्या तेरा हजारांत एक ओळ. झापडेच्या पडद्यांना जागं व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो, तो वेळ कोणीतरी घाईने कमी करून ठेवला होता. छोट्याने दुरुस्ती पाठवली. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी ती त्याच दिवशी स्वीकारली, खाली त्याचं नाव घातलं. ज्यांचं तोंडही कधी बघितलं नव्हतं अशा माणसांनी आभारांचा पाऊस पाडला. एकाने लिहिलं, 'तुमच्यामुळे आज मुलीबरोबर खेळलो.' गुरुवारी तंत्रनिकेतनातून येता येताच त्याने फोन लावला. वहिनीने उचलला.

"वहिनी, दादाला द्या! चालू झालं म्हणावं!"

वहिनी म्हणाली, "भाऊजी, सोमवारी ह्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. काल पट्टी काढली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तसंच झालं, होतं तेही गेलं." आणि मग तिने सगळं सांगितलं. कडेचे बॉल, ठरलेली तारीख, पाच रविवार. छोट्या रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. फोन दादाकडे गेला होता.

"सापडली का चूक?" दादाने विचारलं.

"सापडली."

"शाबास. कुठे होती?"

छोट्याने सांगितलं. सांगता सांगता तो रडायला लागला, त्या पायरीवर, भर रस्त्यात. "दादा, मला सांगायचंस तरी! माझ्याकडे जुनं होतं रे. एक बटण दाबलं असतं, एकच, तर पाचही रविवार खेळलो असतो."

बटणाचं दादाला ठाऊक नव्हतं. ज्या कामासाठी तो पाच आठवडे थांबला, ते थांबल्याशिवाय होणारच नाही, असं तो धरून चालला होता.

"असू दे," दादा अखेर म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. "रविवारी नऊला ये."

रविवारी छोट्याने झापड चढवली. खोली लखलखीत उघडली, कुठे थरथर नाही, काही नाही. इतकं स्वच्छ चित्र त्याच्या कार्डाने कधी दाखवलं नव्हतं. टेबलापलीकडे दादा आला होता. वहिनीने त्याला झापड चढवून, हातात बॅट देऊन उभं केलं असणार. डोकं तसंच कलतं होतं. फक्त त्याची पाठ टेबलाकडे होती आणि तो भिंतीसमोर बॅट धरून सर्व्हिसची वाट बघत होता.

"आलास का?" दादाने भिंतीला विचारलं.

"आलो, दादा. मी इकडे आहे. मागे."

दादा वळला, जरा जास्तच वळला आणि दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून थांबला. "आता चित्र कसं येतंय रे?"

"स्वच्छ," छोट्या म्हणाला. "एकदम स्वच्छ."

त्याला वाटलं, टेबलाला वळसा घालून जावं, दादाचे खांदे धरावेत आणि त्याला नीट आपल्याकडे वळवावं. तो तसा निघालाही. दोन पावलांवर त्याचा हात खऱ्या कपाटावर आपटला. टेबलाच्या पलीकडे जाण्याइतकी जागा त्याच्या खोलीत नव्हती.

"टाक की बॉल," दादा म्हणाला. "आणि हे बघ, सूट द्यायची नाही."