डाव्या चाकाची पूजा

थोरल्या भावाचं आणि माझं कधीच पटलं नाही, पण वडिलांच्या जुन्या मोटारीला मी हात लावल्यापासून तो माझ्यावर उघड डूख धरून होता. मोटार शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि ते शेड त्याला हळदीसाठी मोकळं हवं होतं. दिवाळीपर्यंत गाडी चालती झाली नाही तर भंगारात घालीन, असं त्याने आईसमोर मला बजावलं होतं.

मी नोकरीला वसमतला. सुटी मिळाली की शेडमध्ये जाऊन पडायचो. इंजिन बोललं, रंग झाला, ब्रेकला नवे लायनर, म्हणजे घासून चाक धरणाऱ्या पट्ट्या, आणले. उजव्या बाजूचे बसवले आणि डाव्या पुढच्या चाकाचे शेडमधल्या फळीवर काढून ठेवले. ते दसरा झाल्यावर घाईघाईत बसवले आणि गाडी रस्त्यावर काढली. ब्रेक दाबला तसं स्टिअरिंग हाताला हिसका देऊन एकीकडे पळालं आणि सगळी गाडी थडथडायला लागली. समोरून कापसाचा टेम्पो येत होता. मी वाचलो ते नशिबाने.

दादा शेडच्या दारात उभा होता. "काहून थरथरून राहिली रे? थंडी वाजून राहिली का तिला?"

मी दातओठ खाऊन कामाला लागलो. चाकं तोलून आणली. ब्रेकच्या पाइपातली हवा काढली. स्टिअरिंगचे सांधे हलवून पाहिले, कुठेच ढिलाई नव्हती. ब्रेकचा ड्रम वाकडा असेल म्हणून वसमतला लेथवर फिरवून आणला. थडथड तशीच. लायनरकडे मी बघितलंसुद्धा नाही, कारण गाडीत तेवढेच कोरे करकरीत होते. आणि दर खेपेला दादाची जीभ तयारच असायची. "म्हातारीला बशिवशील तिच्यात अन् मारशील," तो आईला ऐकू जाईल असा बोलायचा. आईने मग गाडीत पाऊल ठेवलं नाही. त्याचा मला फार राग आला, अजून येतो.

एक गोष्ट मात्र माझ्या नाकासमोर होती. ब्रेक मारमारून चाक तापलं की फोडणी करपल्यासारखा वास यायचा. पण आमच्याकडे हळदीचा वास कोणाला वेगळा येतो? शेडला येतो, पोत्यांना येतो, अंगातल्या शर्टाला येतो. मीही सोडून दिला.

शेवटी वैतागून डावा ड्रम पुन्हा उघडला आणि लायनर उजेडात धरले. वरून पुसलेले, काळपट. पण रिव्हेटच्या खड्ड्यांत पिवळा राडा बसला होता आणि त्यात कुंकू. बोट लावलं तर तेलकट. तेल प्यालेला लायनर धरणार कसा? एक चाक धरत होतं, दुसरं घसरत होतं.

मी तसाच लायनर घेऊन ओसरीवर गेलो. "हे कोणी केलं?"

"म्या केलं," दादा शांतपणे म्हणाला. "खंडेनवमीला. गाडीला अन् फळीवरल्या या सामानाला तेल-हळद लावली, कुंकू वाहिलं. मंग फडक्यानं पुसून ठिवलं जागच्या जागी."

"तुला तर ही गाडी डोळ्यासमोर नको."

"मंग? दावणीचं जनावर इकताना कुंकू लावून काढतो का न्हाई आपण? गिऱ्हाईक ठरलंय. पाडव्याला न्यायला येऊन राहिलं."

म्हणजे मी चाकाखाली लोळत होतो तेव्हा त्याने गाडीला निरोप देऊन टाकला होता. दिवाळीची मुदत नुसती बोलायला. आई खाली बघून वाती वळत होती. तिला माहीत होतं.

मी नवे लायनर आणले, ड्रम पेट्रोलने धुतला, सगळं बसवलं. गाडी काढली आणि वाटेत उभ्या दादाच्या सरळ अंगावर नेली. तो जागचा हलला नाही. मी ब्रेक दाबला. गाडी न थरथरता, न वळता त्याच्या गुडघ्यापाशी उभी राहिली.

"आता बराबर झाली," तो म्हणाला. "ठिव शेडात."

मी गाडी मागे घेतली, वळवली आणि थेट वसमत गाठलं. शेड त्याला मोकळं हवं होतं, झालं. गाडी आता माझ्या दारात उभी असते, ब्रेक पायाच्या एका बोटावर लागतो. तिकडे नेली तर तो तिला परत आणू द्यायचा नाही, म्हणून आईला भेटायला मी एसटीने जातो.